नाव एकाचे, लेखणी दुसऱ्याची: सोव्हिएत इतिहासलेखनातील उचलेगिरी

स्टालिनचा विश्वासू आणि पुढे गुप्त पोलिसांचा प्रमुख झालेल्या लावरेंती बेरियाने 21 आणि 22 जुलै 1935 रोजी जॉर्जियातील तिबिलिसीत ट्रान्सकॉकेशियातील (कॉकेशस पर्वताच्या दक्षिणेकडील प्रदेशातील) बोल्शेविक, म्हणजे लेनिनच्या पक्षाच्या, संघटनांच्या इतिहासावर भाषण केले आणि ते लगोलग त्याच्या नावाने पुस्तकरूपात निघाले. त्या प्रदेशातील चळवळीचा खरा कर्ताधर्ता तरुण स्टालिनच होता, असे त्यात ठसवले होते. मजकूर मात्र इतरांनी सिद्ध केला होता. त्यांतले एक एरमिया बेदिया. त्यांना 1937 मध्ये गोळ्या घालण्यात आल्या, त्यामुळे श्रेय मागायला ते उरलेच नाहीत. पुढे 1953 मध्ये बेरिया स्वतः पकडला गेला, तेव्हा ही उचलेगिरीही त्याच्या गुन्ह्यांच्या यादीत आली. तोवर तिची वाच्यता करण्याची कोणाची छाती नव्हती.

या वातावरणाचे मूळ थोडे मागे आहे. स्लुत्स्की या इतिहासकाराने लेनिनच्या पहिल्या महायुद्धापूर्वीच्या भूमिकेविषयी शंका काढली, तेव्हा स्टालिनने 1931 मध्ये तो लेख छापणाऱ्या नियतकालिकाच्या संपादकांना जाहीर पत्र लिहिले आणि कागदपत्रांचा पुरावा मागणाऱ्यांना ‘अभिलेखागारातले उंदीर’ ठरवले. पुराव्यालाच अशी किंमत उरल्यावर तळटीप कशाला टिकते? शिवाय ‘जनतेचा शत्रू’ ठरलेल्या अभ्यासकाचे नाव छापणे धोक्याचे होते. त्याचे संशोधन वापरायचे, तर नाव गाळूनच. ही चोरी की स्वसंरक्षण, याचा निवाडा आज खुर्चीत बसून करणे सोपे आहे.

पक्षाच्या इतिहासाचा 1938 मधील ‘संक्षिप्त अभ्यासक्रम’ केंद्रीय समितीच्या आयोगाच्या नावावर प्रसिद्ध झाला. मूळ मसुदा यारोस्लाव्स्की आणि पोस्पेलोव या पक्षाच्या इतिहासकारांचा होता. स्टालिनने त्यावर भरपूर हात फिरवला, काही भाग स्वतः लिहिला. पुढे त्याच्या अधिकृत चरित्रात अख्खे पुस्तकच त्याच्या नावे जमा झाले, आणि स्टालिननंतर पक्षप्रमुख झालेल्या ख्रुश्चेव्हने स्टालिनवर टीका करणाऱ्या 1956 च्या गुप्त भाषणात नेमक्या याच दाव्यावर बोट ठेवले.

बेरियाला 23 डिसेंबर 1953 रोजी मृत्युदंड दिल्यानंतर महा सोव्हिएत विश्वकोशाच्या वर्गणीदारांना पत्र गेले: पाचव्या खंडातील बेरियावरील नोंदीची 21 ते 24 ही पाने आणि छायाचित्र कात्रीने किंवा ब्लेडने कापा, शिवणीजवळ थोडी पट्टी ठेवा आणि तिच्यावर सोबतची नवी पाने चिकटवा. नव्या पानांवर बेरिंग समुद्राची माहिती होती.