मानेतील फुगा, ज्याला स्वतःची भिंत नाही

मानेवर श्वासनलिकेच्या बाजूला दोन बोटे टेकवली की जी नाडी लागते, ती कॅरोटिड धमनीची. मेंदूला मिळणाऱ्या रक्ताचा मोठा भाग उजवी आणि डावी अशा या दोन धमन्या पोहोचवतात. धमनीच्या भिंतीत तीन थर असतात. खऱ्या ॲन्युरिझममध्ये ते तिन्ही ताणले जाऊन धमनी फुगते. स्यूडोॲन्युरिझममध्ये मात्र भिंतीला छेद गेलेला असतो, आणि बाहेर आलेले रक्त केवळ सर्वांत बाहेरच्या थराने किंवा भोवतालच्या ऊतींनी अडवून धरलेले असते. हा बांध केव्हाही फुटू शकतो.

अपघातात मानेला बसलेला हिसका, चाकूची जखम, मानेतील शिरेत नळी घालताना चुकून धमनीत गेलेली सुई, जंतुसंसर्ग ही स्यूडोॲन्युरिझमची कारणे आहेत. तंबाखू आणि गुटख्यामुळे तोंडाचा कर्करोग ज्या महाराष्ट्रात इतका आढळतो, तेथे आणखी एक कारण ठाऊक असायलाच हवे: मानेवरील किरणोपचारांनी धमनीची भिंत दुबळी होते आणि काही महिन्यांनी, कधी अनेक वर्षांनीही, ती फाटू शकते. अशा रुग्णाच्या मानेवर गाठ आली की कर्करोग उलटल्याची शंका प्रथम येते. पण ती गाठ ठोके देत असेल, तर सीटी अँजिओग्राफी, म्हणजे रक्तवाहिन्या दाखवणारी सीटी तपासणी, करण्यापूर्वी तिच्यात तपासणीची सुई घालणे जिवावर बेतू शकते.

लंडनचे शल्यविशारद ॲस्टली कूपर यांनी १८०५ मध्ये कॅरोटिडच्या ॲन्युरिझमवर धमनी बांधून टाकण्याचा उपाय केला, पण रुग्ण दगावला. १८०८ मधील त्यांचा दुसरा रुग्ण मात्र पुढे १३ वर्षे जगला. धमनी बांधली की मेंदूच्या त्या बाजूची सारी भिस्त उरलेल्या धमन्यांवर राहते, आणि त्या अपुऱ्या पडल्या तर पक्षाघात होतो.

आज बहुधा जांघेतील धमनीतून कॅथेटर, म्हणजे बारीक लवचीक नळी, क्ष-किरणांच्या चित्रावर पाहत मानेपर्यंत नेला जातो. छिद्रावर आच्छादित स्टेंट, म्हणजे कृत्रिम पापुद्रा चढवलेली धातूची जाळी, उघडला की धमनीला आतून नवी भिंत मिळते आणि रक्ताचा मार्गही खुला राहतो. कवटीच्या तळाशी, जिथे धमनी वळणे घेते, तिथे हा ताठर स्टेंट नीट बसत नाही. अशा जागी दाट विणीची लवचीक जाळी रक्ताचा ओघ फुग्यापासून वळवते, किंवा साध्या स्टेंटच्या जाळीतून फुग्यात प्लॅटिनमच्या कॉइल, म्हणजे बारीक तारेची वेटोळी, भरल्या जातात. यांपैकी काहीच शक्य नसेल तर धमनी बंद करावी लागते. मात्र सवड असल्यास आधी फुगवलेल्या बलूनने ती काही वेळ अडवून रुग्णाचे बोलणे आणि हातापायांची शक्ती तपासली जाते.

खरी कसोटी रक्तस्रावाच्या रुग्णात लागते. स्टेंटमध्ये गुठळी होऊ नये म्हणून ॲस्पिरिन आणि क्लोपिडोग्रेल द्यावे लागते, पण तीच औषधे रक्तस्राव वाढवतात. त्यात जागा जंतुसंसर्गाने दूषित असेल, तर स्टेंटलाही संसर्ग होऊ शकतो. तिथे तो वेळ मिळवून देणारा तात्पुरता आधार असतो, आणि रुग्ण सावरल्यावर उघडी शस्त्रक्रिया बऱ्याचदा करावीच लागते.