सातपुड्यातील होळीनृत्य

खान्देशाच्या उत्तर सीमेवरील सातपुड्यात भिल्ल आणि पावरा समाजांत होळीच्या दिवसांत होणारे सामूहिक नृत्य. नंदुरबार जिल्ह्यातील धडगाव (अक्राणी) आणि अक्कलकुवा हे तालुके त्याचे मुख्य क्षेत्र. शहादा व तळोदा तालुक्यांच्या डोंगरपट्ट्यातही ते होते. इथला वर्षाचा मोठा सण दिवाळी नव्हे, होळी. ऊसतोडीला आणि मजुरीला गुजरातेत गेलेली कुटुंबे या सणाला घरी परततात. त्यामुळे एरवी अर्धे रिकामे दिसणारे पाडे या दिवसांत भरून जातात.

सणाची सुरुवात भोंगऱ्या बाजाराने होते. होळीच्या आधीच्या आठवड्यात ज्या गावचा जो बाजारवार, तोच तिथला भोंगऱ्या. डाळ्या, गूळ, खजूर, साखरेचे हार-कंगन, नवे कपडे यांची खरेदी होते आणि आसपासच्या पाड्यांवरचे ढोल बाजारात उतरतात. सीमेपलीकडे, मध्य प्रदेशातील बडवानी-अलिराजपूर भागात, याला भगोरिया म्हणतात. तरुण-तरुणींनी पळून जाऊन लग्न करण्याचा सण अशी त्याची रंगवून केलेली वर्णने बरीच छापली गेली. त्यावर आदिवासी संघटनांनी घेतलेला आक्षेप रास्त आहे. हा मुळात होळीच्या सामानाचा बाजार आहे, आणि नाच त्या आनंदाचा.

नृत्याचा सगळा भार ढोलावर असतो. ढोल एवढा मोठा की वाजवणाऱ्याचे धड त्याच्याआड झाकून जाते. पट्ट्याने गळ्यात अडकवून तो पोटावर घेतात. एका तोंडावर काठीचा घाव, दुसऱ्यावर हाताची थाप. रात्रीच्या गारव्याने कातडे सैल पडले आणि आवाज बसला, की ढोलकरी बाजूला होऊन ढोल आगीजवळ धरतो, बोटाने टिचकी मारून आवाज पाहतो आणि तो चढला की परत रिंगणात येतो. जोडीला थाळी आणि बांबूचा पावा असतो. ढोलकरी मध्ये आणि त्यांच्याभोवती घड्याळाच्या उलट दिशेने फिरणारे रिंगण, अशी साधारण रचना. स्त्रिया एकमेकींच्या कमरेला हात घालून रांग धरतात आणि पावले मागे-पुढे टाकत एका लयीत सरकतात. पुरुष उड्या घेत, वाकत, गिरक्या मारत नाचतात. पावले शिकवायला वेगळा गुरू नसतो. मुले रांगेच्या टोकाला धरतात आणि नाचता नाचता शिकतात.

या नाचाला नुसती करमणूक समजणे चुकीचे आहे. त्यातले सर्वांत लक्षवेधी नर्तक, म्हणजे बुध्या, बावा, मोरखी, काली अशी सोंगे घेणारे, नवस बोललेले असतात. बुध्याच्या डोक्यावर बांबूच्या कामट्यांचा, मोरपिसे लावलेला उंच टोप असतो. अंगभर राखेचे पांढरे ठिपके, कमरेला मोठे घुंगरू आणि वाळलेले भोपळे. उडी घेतली की ते एकदम वाजतात. नवस पाळणारा या दिवसांत अनवाणी राहतो, खाटेवर न झोपता जमिनीवर झोपतो, ब्रह्मचर्य पाळतो. असा माणूस अख्खी रात्र नाचतो तेव्हा तो नवस फेडत असतो, आणि रिंगणाभोवतीच्या प्रत्येकाला ते ठाऊक असते.

सर्वांत प्रसिद्ध होळी अक्कलकुवा तालुक्यातील काठी गावची. काठी हे पूर्वीच्या मेहवासी, म्हणजे भिल्ल सरदारांच्या छोट्या, संस्थानांपैकी एक, म्हणून तिला राजवाडी होळी म्हणतात. ही परंपरा इ. स. १२४६ पासूनची असल्याचे सांगितले जाते. जंगलातून सुमारे ७० फूट उंचीचा बांबू मानाने आणतात. त्याच्यासाठीचा खड्डा कोणतेही अवजार न वापरता, हातांनी उकरण्याची रीत आहे. संध्याकाळपासून गावोगावची पथके येत राहतात, रात्रभर नाच चालतो आणि होळी पेटते ती पहाटे. डोंगरातल्या सगळ्या गावांची होळी एकाच रात्री नसते. वेगवेगळ्या गावांच्या होळ्या पुढे-मागे येतात. म्हणून तेच बुध्या, तेच ढोलकरी एका होळीवरून दुसरीकडे डोंगर तुडवत जातात. अधूनमधून लोकांकडून फाग, म्हणजे होळीची देणगी, मागितला जातो.

सरकारी कार्यक्रमांत आणि महोत्सवांत बुध्याचा टोप आता नेहमी दिसतो. जळगाव-धुळ्याच्या सपाटीवरच्या अनेकांनी हा नाच फक्त तिथेच, काही मिनिटांपुरता पाहिलेला असतो. रंगमंचावर तो देखणा दिसतो, पण तिथे नवस नसतो, आग नसते, आणि बघणाऱ्याला रांगेत शिरण्याची मुभाही नसते. काठीला हौसेने जाणाऱ्याने म्हणून कॅमेरा घेऊन रिंगणात घुसू नये. नवसाच्या माणसाला वाट मोकळी ठेवावी.

नर्मदेवरील सरदार सरोवर धरणाच्या पाण्याने महाराष्ट्रातली ३३ गावे बाधित झाली; ती धडगाव आणि अक्कलकुवा याच दोन तालुक्यांतली. त्यांतली बरीच कुटुंबे तळोदा व शहादा तालुक्यांच्या सपाटीवरील पुनर्वसन वसाहतींत आली. होळीसाठी लागणारे जंगल आणि नदीकाठ त्यांच्यामागे राहिला. डोंगरात राहिलेल्या नातलगांच्या गावी होळीला जाण्याचे कारण त्यामुळे अधिकच मोठे झाले आहे.