उसाच्या हंगामातील ‘उचल’: एका शब्दाची पार्श्वभूमी

गळीत हंगाम तोंडावर आला की सोलापूर जिल्ह्यात ‘उचल’ हा शब्द मजूर आणि शेतकरी अशा दोघांच्याही बोलण्यात येतो. मात्र मजुराच्या खात्यात ती देणे असते, तर शेतकऱ्याच्या खात्यात येणे. ऊसतोड मजूर काम सुरू होण्याआधी मुकादमाकडून, म्हणजे मजुरांची टोळी जमवणाऱ्या कंत्राटदाराकडून, जी रक्कम घेतो आणि पुढे तोडणीच्या मजुरीतून फेडतो, ती त्याची उचल. शेतकऱ्याची ‘पहिली उचल’ म्हणजे ऊस कारखान्याला घातल्यावर हाती येणारा दराचा पहिला हप्ता. अंतिम हिशेबाआधी रक्कम उचलणे, एवढाच काय तो दोन्हींतील समान भाव.

माळशिरस तालुक्यात नीरा उजव्या कालव्याच्या पाण्यावर माळीनगरचा कारखाना १९३० च्या दशकातच उभा राहिला होता. परंतु या अवर्षणप्रवण जिल्ह्यात ऊस खऱ्या अर्थाने पसरला तो १९८० च्या सुमारास उजनी धरण पूर्ण झाल्यानंतर, आणि त्याबरोबर बीडसारख्या जिल्ह्यांतून येणाऱ्या टोळ्यांची गरजही वाढली.

साखर वर्षभर विकली जात असल्याने कारखाने उसाचा दर हप्त्यांनी देत आले. १९६६ च्या ऊस नियंत्रण आदेशानुसार किमान दर चौदा दिवसांत देणे बंधनकारक असून, विलंबास वार्षिक १५ टक्के व्याज आहे. २००९ पासून किमान दराची जागा एफआरपीने, म्हणजे केंद्र सरकार ठरवत असलेल्या रास्त आणि किफायतशीर दराने, घेतली. ‘पहिली उचल’ हा शब्दप्रयोग शेतकरी आंदोलनांनी रुजवलेला. एफआरपी दोन हप्त्यांत देण्याची मुभा राज्य शासनाने २०२२ मध्ये दिली. ती उच्च न्यायालयाने २०२५ मध्ये रद्द केली.

मजुराच्या उचलीचा कागद मात्र पुष्कळदा मुकादमाच्या वहीपुरताच असतो. नवरा-बायकोचा मिळून एक ‘कोयता’ धरून पावसाळ्यात, म्हणजे घरात पैशांची सर्वाधिक चणचण असताना, ती दिली जाते आणि हंगामाअखेर फिटली नाही तर पुढच्या वर्षी अंगावर राहते. कर्जापोटी किंवा आगाऊ रकमेपोटी माणसाला कामाला जखडणे १९७६ च्या वेठबिगारी निर्मूलन कायद्याने बेकायदा ठरवले असले, तरी उचलीची पद्धत टिकून आहे. दुसरी बाजूही नोंदवायला हवी: काही ऊस वाहतूकदार टोळीसाठी कर्ज काढून मुकादमाला उचल देतात, टोळी येतच नाही आणि प्रकरण पोलीस ठाण्यात जाते.