पाकिटातले जिवाणू जिवंत आहेत ना?

जूनमध्ये नागपूरच्या कृषी केंद्रांवरून सोयाबीनच्या बियाण्यासोबत रायझोबियमचं, म्हणजे जिवाणू खताचं, पाकीट घरी येतं आणि पेरणीपर्यंत टिनाच्या पत्र्याखाली पडून राहतं. पुष्कळदा तिथेच ते वाया जातं. पाकिटात लिग्नाइटच्या भुकटीत मुरवलेले कोट्यवधी जिवाणू असतात. पत्र्याखालच्या धगीत युरिया टिकतो, जिवाणू मात्र मरतात. मग ‘जैविक खताचा काही उपयोग नाही’ असं आपण म्हणतो, याचं मला फार वाईट वाटतं.

कारण त्यांचं काम थक्क करणारं आहे. हवेत 78 टक्के नायट्रोजन असूनही पिकाला तो थेट घेता येत नाही. कारखान्यात त्याचा अमोनिया करायला 400 अंशांहून अधिक तापमान आणि प्रचंड दाब लागतो. रायझोबियम तेच काम मुळावरच्या गाठीत, मातीच्या साध्या तापमानाला करतो. बदल्यात झाड त्याला साखर पुरवतं. मात्र सोयाबीनचा जिवाणू तुरीला चालत नाही, म्हणून पाकिटावरचं पिकाचं नाव वाचूनच घ्यावं.

काळ्या मातीची अडचण वेगळी. घातलेल्या स्फुरदाचा, म्हणजे फॉस्फरसचा, बराच भाग तिच्यातल्या चुन्याशी बांधला जातो. स्फुरद विरघळवणारे जिवाणू, म्हणजे पीएसबी, सेंद्रिय आम्लं सोडून तो मोकळा करतात. काटोल-नरखेडच्या संत्र्याला मायकोरायझा बुरशीची साथ मोलाची, कारण संत्र्याच्या मुळांवर केसमुळं फार थोडी असतात. बुरशीचे तंतू मुळं पोचत नाहीत तिथून स्फुरद आणून देतात.

पण मातीतल्या जिवाणूंना खायला लागतं. सोयाबीनचं कुटार आणि कपाशीच्या पऱ्हाट्या पेटवल्या की मातीत परत जाणारा सेंद्रिय कर्ब धुरातून निघून जातो. जिवाणू विकत आणायचे आणि त्यांचं अन्न जाळायचं, हे थांबायलाच हवं.

बीजप्रक्रियेत बुरशीनाशक आधी आणि जिवाणू शेवटी. 10 किलो बियाण्याला 250 ग्रॅम जिवाणू खत, गुळाच्या थंड पाण्यात कालवून हलक्या हातानं चोळायचं, सावलीत सुकवायचं आणि लगेच पेरायचं.

पेरणीनंतर चाळीसेक दिवसांनी वावरातलं एखादं झाड मातीसकट अलगद उपटा आणि मुळावरची गाठ नखानं फोडा. आत गुलाबी-लाल दिसलं तर जिवाणू कामाला लागलेत. पांढरट किंवा हिरवट असेल तर त्या गाठीतून पिकाला नायट्रोजन मिळत नाही.