डिस्कच नाही, तरी लिनक्स सुरू होतं ते कसं?

जुन्या संगणकातली हार्ड डिस्क काढून टाका आणि बटण दाबा. बूट करायला काही सापडलं नाही, अशी तक्रार करून तो गप्प बसेल. पण त्याला नेटवर्कची केबल जोडलेली असेल, बायॉसमध्ये, म्हणजे यंत्र चालू होताच आधी धावणाऱ्या मूळ प्रोग्रॅममध्ये, नेटवर्क बूट चालू असेल आणि केबलच्या दुसऱ्या टोकाला नीट तयार केलेला सर्व्हर असेल, तर थोड्याच वेळात त्याच पडद्यावर लिनक्सचा डेस्कटॉप दिसू लागतो.

खरी गंमत पहिल्या काही सेकंदांत आहे. त्या वेळी या यंत्राकडे स्वतःचा आयपी पत्तासुद्धा नसतो. असतो फक्त नेटवर्क कार्डाला कारखान्यातच मिळालेला ४८ बिटांचा मॅक क्रमांक आणि चिपमध्ये बसवलेला पीएक्सई नावाचा छोटा प्रोग्रॅम. तो ०.०.०.० या पत्त्यावरून २५५.२५५.२५५.२५५ या पत्त्यावर हाक मारतो. म्हणजे, मी कोण ते मला ठाऊक नाही, इथे जो कोणी असेल त्याने सांगावं! नेटवर्कवर पत्ते वाटणारा डीएचसीपी सर्व्हर सांगतो: हा घे तुझा पत्ता, आणि सुरुवातीची फाइल अमक्या सर्व्हरवर तमक्या नावाने ठेवली आहे.

ती फाइल येते टीएफटीपी या फाइल पाठवायच्या पद्धतीने. पद्धत १९८०च्या दशकाच्या सुरुवातीची, आणि भलतीच साधी. ५१२ बाइटचा एक तुकडा पाठवायचा, पोच येईपर्यंत थांबायचं, मग पुढचा. साधी आहे म्हणून चिपच्या इवल्याशा जागेत मावते, आणि साधी आहे म्हणूनच रखडते. ३० एमबीची फाइल अशी आणायची तर साठ हजारांच्या आसपास तुकडे आणि तेवढ्याच पोचा. पुढे तुकडा मोठा करायची सोय झाली. तरी जाणकार मंडळी टीएफटीपीने आयपीएक्सई हा लहानसा बूटलोडर, म्हणजे सिस्टिम सुरू करून देणारा प्रोग्रॅम, तेवढा उतरवतात आणि जड फाइली त्याच्याकरवी एचटीटीपीने आणतात.

मग लिनक्सचा गाभा, म्हणजे कर्नल येतो, त्याच्यासोबत तात्पुरती फाइल सिस्टिम येते आणि ती सर्व्हरवरची मूळ सिस्टिम जोडून घेते. ही मूळ सिस्टिम म्हणजे दाबून लहान केलेली एकच इमेज, फक्त वाचण्यापुरती. शाळेच्या संगणक कक्षात पोरांनी डेस्कटॉपवरची चिन्हं उडवली, सेटिंग बिघडवलं, तर ते बदल टर्मिनलच्या, म्हणजे या बिनडिस्कच्या यंत्राच्या, रॅममध्ये राहतात आणि यंत्र बंद केलं की जातात. नवं सॉफ्टवेअर सर्व्हरवर एकदा टाकून इमेज पुन्हा बनवली की पुढच्या बूटला सगळ्या खोलीत पोचतं. प्रत्येकाचं स्वतःचं काम मात्र सर्व्हरवरच्या होम फोल्डरमध्ये सुरक्षित असतं. संगणक कक्ष सांभाळणाऱ्याला याहून मोठं सुख नाही.

हे सगळं जुळवून देणारा प्रकल्प म्हणजे एलटीएसपी, अर्थात लिनक्स टर्मिनल सर्व्हर प्रोजेक्ट. अमेरिकेत जिम मॅकक्विलन यांनी १९९९च्या सुमारास तो सुरू केला. तेव्हा सगळे प्रोग्रॅम सर्व्हरवर चालत आणि टर्मिनल फक्त चित्र दाखवे, त्यामुळे सर्व्हर दणकट लागे. २०१९मध्ये प्रकल्प नव्याने लिहिला गेला. आता प्रोग्रॅम टर्मिनलच्याच प्रोसेसरवर चालतात, सर्व्हर मुख्यतः फाइली पुरवतो. त्यामुळे साधा डेस्कटॉप संगणकही सर्व्हर म्हणून पुरतो, मात्र त्याला गिगाबिट कार्ड हवंच. तासाच्या सुरुवातीला वीस-पंचवीस यंत्रं एकदम चालू झाली की १०० मेगाबिटची वायर तुंबते.

राउटर आधीच पत्ते वाटत असेल तर दुसरा डीएचसीपी सर्व्हर उभा करू नये, दोघांचा गोंधळ होतो. सर्व्हरवर डीएनएसमास्क हा प्रोग्रॅम प्रॉक्सी पद्धतीने बसवावा. मग पत्ते राउटर देतो आणि बूटची माहिती हा.

आणि एक चमत्कारिक दुखणं. स्वस्त स्विचवर सगळं सुरळीत चालतं, महागडा मॅनेज्ड (सेटिंग बदलता येणारा) स्विच आणला की टर्मिनल बूट होईनासं होतं. असा स्विच, कुठे केबलचा फेरा तर झाला नाही ना, हे तपासत नवं पोर्ट तीसेक सेकंद अडवून ठेवतो. तेवढ्यात पीएक्सई हाका मारून मारून थकतो आणि नाद सोडतो. टर्मिनलच्या पोर्टांपुरती ही तपासणीची वाट पाहणं बंद करायचं. सिस्कोच्या स्विचमध्ये त्या सोयीचं नाव पोर्टफास्ट.