जनधन खाते: कागद अपुरे असले तरी खाते उघडता येते

“आधी हजार रुपये भरा”, “आधारवर गावचा पत्ता आहे, इथे खाते निघणार नाही.” काउंटरवर असे काही ऐकले की माणसे मुकाट्याने परत फिरतात. परत फिरायचे कारण नाही, कारण नियम तसे नाहीत.

प्रधानमंत्री जनधन योजना २८ ऑगस्ट २०१४ रोजी सुरू झाली. हे मूलभूत बचत खाते असते. शिल्लक शून्य असली तरी दंड नाही, रुपे कार्ड मोफत, आणि महिन्यातून किमान चार वेळा पैसे काढायला शुल्क नाही. दहा वर्षांवरील मुलांनाही ते उघडता येते. मात्र त्याच बँकेत तुमचे दुसरे बचत खाते असेल तर ते ३० दिवसांत बंद करावे लागते.

अर्जासोबत फोटो आणि ओळखीचा एक कागद लागतो: आधार, मतदार ओळखपत्र, वाहन परवाना, पासपोर्ट किंवा अधिकाऱ्याची सही असलेले रोजगार हमीचे जॉबकार्ड. पॅन नसेल तर फॉर्म ६० भरायचा. झेरॉक्ससोबत मूळ कागदही न्या, नाहीतर दुसरी फेरी ठरलेली.

लग्नानंतर नाव बदललेल्या बायकांची अडवणूक सर्वात जास्त होते. आधारवर माहेरचे नाव, अर्जावर सासरचे. अशा वेळी विवाह नोंदणीचा दाखला किंवा राजपत्रातील नावबदल जोडला की जुन्या नावाचा कागदही ग्राह्य धरला जातो. कामासाठी गाव सोडलेल्यांनी आधारने ई-केवायसी (ऑनलाइन ओळख पडताळणी) करून सध्याच्या पत्त्याचे स्वतःचे घोषणापत्र द्यावे, ते चालते.

आणि कागदच नसेल तर? त्यासाठी ‘लहान खाते’ आहे. शाखेत हेच नाव घेऊन मागा, कारण आपणहून कोणी सुचवत नाही. बँक अधिकाऱ्यासमोर फोटोवर सही किंवा अंगठा केला की हे खाते उघडते. त्यात शिल्लक ५०,००० रुपयांवर जाऊ शकत नाही, वर्षभरात एकूण १ लाखापेक्षा जास्त जमा होत नाही आणि महिन्याला १०,००० पेक्षा जास्त काढता येत नाही. सरकारी अनुदान जमा होताना शिलकेची मर्यादा आड येत नाही. मुदत १२ महिने. ओळखपत्रासाठी अर्ज केल्याची पोच दाखवली तर आणखी १२ महिने मिळतात, म्हणून ती पोच जपून ठेवा.

शाखा लांब असेल तर बँक मित्राकडेही (बँकेने नेमलेला स्थानिक प्रतिनिधी) खाते उघडता येते आणि अंगठा लावून पैसे काढता येतात. इथे एकच सावधगिरी, पण मोलाची. आमच्या आत्याच्या बोटांच्या रेषा भांडी घासून पुसट झाल्यात. मशीनने तीनदा अंगठा घेतला नाही, चौथ्यांदा घेतला, आणि ती पैसे घेऊन निघाली. पुढच्या आठवड्यात पासबुकावर एन्ट्री मारून आणली, तर एकाच दिवशी दोनदा पैसे काढल्याची नोंद. पावती एकीचीही नव्हती. तेव्हा ‘झाले नाही’ म्हटले तरी प्रत्येक अंगठ्यामागे पावती मागा.

लाडकी बहीणसारख्या योजनांचे पैसे अडकतात ते वेगळ्याच कारणाने. खात्याला आधार जोडणे आणि आधार सीडिंग (आधारवर येणारे सरकारी पैसे कोणत्या बँकेत जावेत याची नोंद) या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. सरकारी पैसे आधार क्रमांकावरून ज्या एकाच खात्याशी सीडिंग झाले आहे तिथे जातात, मग अर्जात तुम्ही कोणतेही खाते लिहा. आधारच्या संकेतस्थळावर ‘बँक सीडिंग स्टेटस’मध्ये त्या बँकेचे नाव दिसते. जनधन खात्यातच पैसे हवेत तर शाखेत सीडिंगचा संमती अर्ज द्या आणि त्याच्या प्रतीवर शिक्का मारून घ्या.

रुपे कार्डावर अपघात विमा आहे, २८ ऑगस्ट २०१८ नंतरच्या खात्यांना २ लाखांचा. पण अपघाताआधीच्या ९० दिवसांत कार्ड एकदा तरी वापरलेले असावे लागते. डब्यात जपून ठेवलेल्या कार्डाचा इथे उपयोग नाही. खात्यावर दोन वर्षे काहीच व्यवहार केला नाही तर ते निष्क्रिय होते. पुन्हा केवायसी करून ते सुरू करायला शुल्क लागत नाही.

खाते नाकारले तर कारण लेखी मागा. बँकेकडे केलेल्या लेखी तक्रारीला ३० दिवसांत उत्तर आले नाही, तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे विनाशुल्क तक्रार करता येते. चौकशीसाठी क्रमांक १४४४८.