हनुवटीवरचे केस: आधी लेझर की आधी तपासणी?

पार्लरमध्ये अपर लिप करून झालं की थ्रेडिंग करणारी मुलगी आवाज खाली आणून विचारते, ‘ताई, चिन पण करू का?’ पीसीओएस, म्हणजे आपल्याकडे सगळे ज्याला पीसीओडी म्हणतात तो अंडाशयाच्या हॉर्मोनचा बिघाड, त्याची पहिली जाणीव कितीतरी जणींना अशी होते. पाळी दोन-दोन महिने लांबत असते, पण ‘लग्नानंतर होईल सुरळीत’ म्हणून तिच्याकडे कुणी बघितलेलं नसतं. हनुवटीवरच्या केसांकडे मात्र डोळेझाक करता येत नाही. मग आधी पार्लर, नंतर लेझरचं पॅकेज, आणि सगळ्यात शेवटी डॉक्टर. हा क्रम उलटा व्हायला हवा, असं मला मनापासून वाटतं.

केसांची मुळं प्रत्येक बाईच्या चेहऱ्यावर, छातीवर, पोटावर जन्मापासून असतातच. त्यांतून बारीक, फिकट लव येत असते. टेस्टोस्टेरॉनसारखी अँड्रोजन, म्हणजे पुरुषी, हॉर्मोन्स स्त्रीच्या शरीरातही थोडी तयार होतात. केसाच्या मुळाशी एक एन्झाइम टेस्टोस्टेरॉनचं रूपांतर त्याहून जोरकस अशा डीएचटी या हॉर्मोनमध्ये करतं, आणि हे हॉर्मोन मिळत राहिलं की त्याच मुळातून काळा, जाड, राठ केस यायला लागतो. पीसीओएसमध्ये अंडाशय अँड्रोजन जास्त बनवतं. शरीर इन्सुलिनला नीट दाद देत नसेल तर रक्तातलं इन्सुलिन वाढतं, ते अंडाशयाला आणखी डिवचतं. शिवाय टेस्टोस्टेरॉनला धरून ठेवणारं एक प्रथिन यकृतात तयार होतं, ते वाढलेल्या इन्सुलिनमुळे कमी पडतं. म्हणजे मोकळं टेस्टोस्टेरॉन वाढतं. रिपोर्टमध्ये एकूण टेस्टोस्टेरॉन नॉर्मल आणि तरीही चेहऱ्यावर केस, हे कोडं बऱ्याचदा इथे सुटतं. काहींची त्वचाच अँड्रोजनला जास्त प्रतिसाद देते, तेही एक कारण.

एकदा राठ झालेला केस, हॉर्मोन ताळ्यावर आलं तरी, सहसा पुन्हा पूर्ण लव होत नाही. म्हणून काम दुहेरी आहे: जे केस आलेत ते काढायचे आणि नवी मुळं राठ होण्यापासून थांबवायची. नुसतं औषध घेतलं तर आलेले केस तिथेच राहतात. नुसतं लेझर केलं तर हॉर्मोन शेजारची मुळं जागी करत राहतं, आणि पॅकेज संपल्यावर वर्षभरात ‘परत आले’ अशी तक्रार येते.

औषधांत पहिली पसंती असते ती संततिनियमनाच्या एकत्रित हॉर्मोन गोळ्यांना. या गोळ्या अंडाशयाचं अँड्रोजन कमी करतात आणि ते धरून ठेवणारं प्रथिन वाढवतात. अविवाहित मुलीला त्या लिहून दिल्या की घरात कुजबुज सुरू होते, पण इथे त्या हॉर्मोनवरचा उपचार म्हणूनच दिलेल्या असतात. रक्ताच्या गुठळ्यांचा त्रास झालेल्या किंवा ऑरा असलेलं (म्हणजे डोकं दुखण्याआधी डोळ्यांपुढे चमकणाऱ्या रेषा वगैरे दिसणारं) मायग्रेन होणाऱ्या बाईला त्या चालत नाहीत, म्हणून मैत्रिणीची चिठ्ठी दाखवून दुकानातून घेऊ नयेत. सहा महिन्यांत पुरेसा फरक पडला नाही तर स्पायरोनोलॅक्टोनसारखं अँड्रोजनला अडवणारं औषध जोडतात. ते चालू असताना गर्भ राहता कामा नये, कारण मुलग्याच्या गर्भाच्या जननेंद्रियांच्या वाढीत अडथळा येऊ शकतो. मेटफॉर्मिन साखरेसाठी आणि पाळीसाठी उपयोगी पडतं, केसांवर त्याचा परिणाम फारसा नाही. केसाचं वाढीचं चक्र महिनोनमहिने चालतं, त्यामुळे कुठल्याही गोळीचा गुण सहा महिन्यांआधी जोखू नये. महिनाभरात गोळी सोडून देणाऱ्या मुली पाहिल्या की फार हळहळ वाटते.

लेझरचा प्रकाश केसातलं काळं रंगद्रव्य शोषून घेतं आणि त्या उष्णतेने मूळ भाजतं. पण तेच रंगद्रव्य आपल्या सावळ्या कातडीतही असतं. म्हणून सावळ्या रंगाला १०६४ नॅनोमीटरचं एनडी-याग लेझर जास्त सुरक्षित: ते खोल जातं, वरची कातडी कमी तापते. वाढीच्या अवस्थेत असलेल्या केसांवरच ते नीट काम करतं, म्हणून चार-सहा आठवड्यांच्या अंतराने अनेक वेळा जावं लागतं. त्याआधीचे चार-सहा आठवडे थ्रेडिंग, वॅक्सिंग, चिमटा बंद. मूळच उपटलेलं असेल तर प्रकाशाने भाजायचं काय? पांढऱ्या केसांवर लेझर चालत नाही, तिथे इलेक्ट्रोलिसिस, म्हणजे बारीक सुईतून वीज सोडून एकेक मूळ मारणं. ही पद्धत १८७५ साली चार्ल्स मिशेल या अमेरिकी नेत्रतज्ज्ञाने डोळ्यात टोचणाऱ्या पापणीच्या केसांसाठी वापरली होती. काही जणींना लेझरनंतर आसपासची लव उलट जाड होते, चेहऱ्यावर आणि मानेवर विशेषतः. पैसे भरण्याआधी याची कल्पना कुणी देत नसेल तर तिथून उठावं.

तोवर रोजचं काय? रेझर चालतो. रेझरने केस जाड होत नाहीत, हे १९२८ मध्येच मिल्ड्रेड ट्रॉटर यांनी मोजून दाखवलं आहे. कापलेलं टोक बोथट असतं म्हणून हाताला राठ लागतं, इतकंच. उलट रोज चिमट्याने उपटलं की कातडीखाली केस वळतो, फोड येतात, आणि मागे राहिलेले काळे डाग केसांपेक्षा जास्त छळतात. डाळीचं पीठ आणि हळद चोळून मुळापर्यंत काही पोचत नाही.

केस काही महिन्यांत झपाट्याने वाढले, आवाज घोगरा झाला, कपाळावरून टक्कल पडायला लागलं, तर मात्र थांबू नये. अंडाशयात किंवा मूत्रपिंडावरच्या ॲड्रिनल ग्रंथीत गाठ आहे का, ते तपासावं लागतं. आणि टेस्टोस्टेरॉनची तपासणी हॉर्मोनच्या गोळ्या सुरू करण्याआधीच करून घ्यावी. गोळ्या चालू असताना येणारा आकडा खरं चित्र दाखवत नाही, आणि ते दिसण्यासाठी मग गोळ्या बंद करून साधारण तीन महिने थांबावं लागतं.